तळहातावर तोललेलं घड्याळ

भिंगकाकांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान आहे. चाळीस वर्षं त्या खोबणीत भिंग अडकवून बसल्यावर दुसरं काय होणार! भिंग नसतं तेव्हाही तो अर्धवट मिटलेलाच असतो. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा आपल्याकडे संशयानं बघतोय. जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, काका माणसाकडे बघतच नाहीत. मनगटाकडे बघतात.

दुकान वापरलेली महागडी घड्याळं घेण्या-विकण्याचं. जिन्याखालची चिंचोळी जागा, पुढे काचेचं काउंटर, मागे काकांचं छातीइतकं उंच टेबल. टेबलाला तिन्ही बाजूंनी लाकडी पट्टी, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून. तरी एखादा पडलाच तर काका गुडघ्यांवर बसून लादीवर चुंबक फिरवतात, आणि तोवर दुकानात कुणीही पाय उचलायचा नाही. मालकिणीनंसुद्धा नाही. तिच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा हा नियम.

विकायला ठेवण्याआधी प्रत्येक घड्याळ काकांच्या हाताखालून जातं. पाठीचं झाकण उघडायचं, आतलं मशीन बघायचं, नंबर जुळवायचा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीकशी खूण करायची: उभी रेघ, शेजारी महिना आणि साल. भिंगाशिवाय दिसायची नाही. मग जाड कागदाच्या कार्डावर लिहायचं, ‘तपासलं. अस्सल.’ खाली सही. दुकानाची पत म्हणजे ही सही.

आणि काकांचा एक खेळ होता. मोठ्या मालकांना, म्हणजे मालकिणीच्या वडिलांना, तो फार आवडायचा. दुकानात चार माणसं जमली की ते हाक मारायचे, “भिंगोबा, होऊन जाऊ द्या!” काका डोळे मिटायचे, घड्याळ डाव्या तळहातावर ठेवायचे, दोनदा वरखाली तोलायचे. दुकान चिडीचूप. मग काका डोळे न उघडताच म्हणायचे, “खोटं. पट्ट्याची कडी पोकळ आहे.” किंवा, “घेऊन टाका. अस्सल.” लोक टाळ्या वाजवायचे. मोठे मालक गेल्यावर खेळ थांबला. आता त्याला दहा वर्षं होतील.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दोघं आली. पुढे तावातावानं एक पस्तिशीचा माणूस, मागे सुती ओढणी घेतलेली एक बाई. बाईच्या बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी बसलेली. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

“विकायचंय?” मालकिणीनं विचारलं.

“नाही. निकाल लावायचाय,” तो माणूस म्हणाला आणि त्यानं घड्याळ काउंटरवर ठेवलं. शेजारी एक पिवळं पडलेलं कार्ड. “हे इथलंच ना? चौदा वर्षांपूर्वीचं. माझ्या दादानं घेतलं होतं. जहाजावर इंजिनियर होता तो. आठ महिन्यांपूर्वी गेला.”

काकांनी मान डोलावली. पोलादी पट्ट्याचं, दोन ठिकाणच्या वेळा दाखवणारं घड्याळ. तासाचा, मिनिटाचा, सेकंदाचा काटा, आणि चौथा लाल, बाणाच्या टोकाचा, दिवसातून एकदाच फिरणारा. तो घरची वेळ दाखवतो.

“मी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेलं होतं,” तो बोलतच होता. “त्यांनी झाकण उघडलं आणि तसंच परत बंद केलं. म्हणाले, बाहेरचा डबा आमचा आहे, आतलं मशीन आमचं नाही. हात लावणार नाही. आता तुम्हीच हिशोब करा, काका. घेतलं तेव्हा खरं होतं, तुमची सही आहे. आज खोटं आहे. मधल्या आठ महिन्यांत ते कुणाच्या कपाटात होतं?”

“माझ्या,” बाई म्हणाली. “आडून कशाला बोलतोस, भाऊजी? सरळ म्हण, वहिनीनं आतलं काढून विकलं.”

“मी म्हटलं नाही हं. आई म्हणते.”

“आई बोलतच नाहीत माझ्याशी. तीन आठवडे. समोरून ताट सरकवतात.” ती काकांकडे वळली. “त्याचं मला एवढं नाही. पण परवा माझ्या लेकीनं विचारलं, आई, तू बाबांचं घड्याळ विकलंस का. तेरा वर्षांची आहे ती. नाही म्हटलं तर म्हणाली, बरं. नुसतं ‘बरं’. तेव्हापासून कपाटाची किल्ली ती स्वतःकडे ठेवते.”



“काका,” दिरानं कार्डावर बोट ठेवलं. “एकच सांगा. तेव्हा तुम्ही उघडून बघितलं होतं ना?”

“मी न उघडता सही करत नाही,” काका म्हणाले.

हे वाक्य ते दिवसातून तीनदा म्हणत. जिभेवर बसलेलं होतं, आपसूक बाहेर पडलं. पडलं आणि बाईचा चेहरा उतरला.

“संपलं,” दीर म्हणाला.

“नव्हतं उघडलं तुम्ही!” ती काउंटरवर वाकली. “मी होते ना इथे. नवीन लग्न झालेलं. तुम्ही डोळे मिटलेत, हातावर असं असं केलंत आणि म्हणालात, घेऊन टाका. हे किती हसले होते! जहाजावर सगळ्यांना करून दाखवायचे, डोळे मिटून, मिशा फेंदारून.”

“वहिनी, तो खेळ असतो गं. गिऱ्हाइकांसाठी. नंतर उघडलंच असेल की. होय ना, काका?”

 काका घड्याळ उचलून टेबलाशी जाऊन बसले. भिंग डोळ्यात बसवलं, झाकणाची किल्ली लावली. झाकण घट्ट होतं. तिसऱ्या झटक्याला सुटलं.

आत परकं मशीन. चांगलं, टिकाऊ, पण स्वस्तातलं. त्यात नवल नव्हतं, कंपनीवाल्यांनी सांगितलंच होतं. काकांनी झाकण उलटं केलं आणि दिव्याखाली धरलं. कडेकडेनं भिंग फिरवलं. एकदा, मग पुन्हा. डबा मूळचा, झाकणही मूळचंच, नंबर जुळत होता.

खूण नव्हती. उभी रेघ नाही, महिना नाही, साल नाही.

 काकांना तो दिवस आठवत नव्हता. ती बाई आठवत नव्हती, मिशा फेंदारणारा नवराही नाही. पण असे दिवस कसे असायचे ते आठवत होतं. टाळ्या, मोठ्या मालकांचं हसणं, चहा सांगितलेला, गिऱ्हाईक खूश, आणि आपला हात, त्याला कळतंच सगळं, मग उघडायचं कशाला? डबा आणि पट्टा अस्सल, म्हणून वजन बरोबर. हाताला कळलं ते बाहेरचं.

हे त्या दुकानात फक्त त्यांनाच दिसत होतं. झाकण बसवायचं, किल्ली फिरवायची, आणि म्हणायचं, कंपनीवाले बरोबर बोलतायत. खोटं एक अक्षर नाही. चाळीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती.

त्यांनी झाकण बसवलं.

सवयीनं बाजूची चावी मोकळी केली, एक टप्पा बाहेर ओढली आणि फिरवली. लाल काटा सरकला. तासाचा काटा ढिम्म.

“तसंच करायचे ते,” मागून ती हळूच म्हणाली. ती टेबलापर्यंत आली होती. “आणि शिव्या द्यायचे. पहिल्याच फेरीवरून फोन केला होता. म्हणाले, एवढं महागाचं घेतलं आणि बंदर बदललं, एक तास पुढे करायचा म्हटला, तर सगळं घड्याळ थांबवावं लागतं. त्यात घरचा काटापण हलतो, तो परत जागेवर आणायचा. मी म्हटलं, जाऊन विचारा त्या काकांना. तर म्हणाले, छे, मलाच जमत नसेल.”

काकांचा हात चावीवरच थांबला.

“पहिल्याच फेरीवरून?”

“हो. चौदा वर्षं हेच गाऱ्हाणं.”

“तुम्हाला माहीत होतं हे?” काकांनी दिराला विचारलं.

“कटकट ना? करायचा की. सुट्टीवर आला की जेवणाच्या टेबलावर घड्याळ घेऊन बसायचा. मीच चिडवायचो, दादा, माझं फुटपाथवरचं बरं, एका सेकंदात लागतं.” तो थांबला. “त्याचा इथे काय संबंध?”

“कधीपासून चिडवत होतात?”

“कॉलेजात होतो मी तेव्हा.”

काका भिंग काढून उठले. काउंटरच्या काचेखालून त्यांनी तसंच दुसरं घड्याळ काढलं, विक्रीचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी मखमलीवर ठेवली.

“इकडे या दोघंही. हे अस्सल. मागच्या महिन्यात उघडलंय मी.” चावी एक टप्पा बाहेर. फिरवली. तासाचा काटा टुणकन एका घरात उडाला. मग पुढच्या. सेकंदाचा काटा आपला चालतच होता. लाल काटा जागचा हलला नाही. “यातलं मशीन असं असतं. बंदर बदललं की एक उडी. घड्याळ थांबत नाही, घरची वेळ हलत नाही. आता हे तुमचं.” लाल काटा सरकला. “चौदा वर्षांपूर्वी, पहिल्या फेरीलाच, तुमचे दादा जी तक्रार करत होते ती या मशीनची आहे. अस्सल मशीन असतं तर ती तक्रार कुणी करूच शकत नाही.”

दीर आळीपाळीनं दोन्ही घड्याळांकडे बघू लागला.

“म्हणजे मधे कुणी काही बदललं नाही. माझ्या हातात आलं तेव्हाच ते असं होतं,” काका म्हणाले. “मी उघडलं नव्हतं. उघडलेल्या घड्याळाला माझी खूण असते. याला नाही. वहिनी म्हणतात तेच खरं. मी नुसतं तोललं होतं.”

“आणि मघाशी?” दीर एकदम पेटला. “मघाशी तोंडावर सांगितलंत न उघडता सही करत नाही! माझा दादा चौदा वर्षं नकली घड्याळ मिरवत फिरला! काय माणसं आहात का कोण? लाज…”

“ओरडू नकोस,” ती म्हणाली.

तिची नजर त्या विक्रीच्या घड्याळावर होती. तिनं भुकटी लागलेलं बोट पुढे केलं. “मी फिरवू?”

काकांनी घड्याळ तिच्याकडे सरकवलं. तिनं चावी फिरवली. काटा उडाला. परत फिरवली. परत उडाला.

“एवढंच हवं होतं त्यांना,” ती म्हणाली. “एवढंच.”

रडली नाही. घड्याळ मखमलीवर ठेवलं, बोटाचा ठसा ओढणीनं पुसला.

“मी खोटे दात करते, काका. रोज वीस-पंचवीस. पण खोटे म्हणूनच देते. आणि प्रत्येक कवळी साच्यावर बसवून बघते. कालची बसली म्हणून आजची बसेल असं नसतं.” मग तिनं आवाज जरा चढवला. “झाकण उघडल्याबरोबर कळलं होतं ना तुम्हाला?”

“हो.”

“आणि बंद केलंत.”

“हो.”

“मी ते फोनचं बोलले नसते, तर?”

काकांनी तिच्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. “माहीत नाही,” ते म्हणाले.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “माझ्या लेकीला वाचता येईल अशा अक्षरात.”

काकांनी कोरं कार्ड घेतलं. ‘या घड्याळातलं मशीन मूळचं नाही. चौदा वर्षांपूर्वी हे असंच विकलं गेलं. तेव्हा मी न उघडता सही केली. घरातल्या कुणीही यात काही बदललेलं नाही.’ सही करताना हात थांबला, मग केली. तिनं जुनं कार्डही परत घेतलं. काका म्हणाले, ते फाडून टाकू का. ती म्हणाली, “नको. ते त्यांच्या पाकिटात असायचं.”

दीर दाराशी घुटमळत होता. “वहिनी, चल. मी रिक्षा बघतो.”

“तू जा पुढे. आणि आईंना तू सांगायचं. माझ्यासमोर, लेकीच्या समोर. मी एक शब्द बोलणार नाही.”

“हो.”

“रात्री, जेवायच्या आधी.”

ती गेली. रजा अर्ध्या दिवसाचीच होती.

इतका वेळ मालकीण काउंटरच्या टोकाला हाताची घडी घालून उभी होती. तिनं दारावरची पाटी ‘बंद’ अशी फिरवली.

“काका, अशी किती?”

“अं?”

“बाबांच्या वेळी. डोळे मिटून. किती?”

“एकच” असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. ते जिभेवर बसलेलं नव्हतं, म्हणून बाहेर आलं नाही. “मोजली नाहीत,” ते म्हणाले. “वर्षाला सात-आठ असतील. गर्दी असली की.”

“ती उघडायचात नंतर?”

“बहुतेक.”

“बहुतेक,” ती म्हणाली. तिला काका लहानपणापासून माहीत होते. याच उंच टेबलावर बसवून त्यांनी तिला काट्यांची नावं शिकवली होती. “उद्यापासून तुमची सही नको, काका. कुठल्याच कार्डावर नको. दुसरा माणूस मिळेपर्यंत नवीन माल घेणार नाही मी.”

“बरोबर आहे.”

“मला नाही बरोबर वाटत. पण दुसरं काय करू?”

तिनं माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. लाल पुठ्ठ्याच्या, कडा कुरतडलेल्या. धूळ झटकून काकांच्या टेबलावर एकावर एक रचल्या. प्रत्येक घड्याळ, घेणाऱ्याचं नाव, फोन नंबर, सगळं काकांच्याच अक्षरात. काकांनी भिंग खणात ठेवलं, चष्मा लावला आणि सगळ्यात जुनी वही उघडली. पहिले दोन नंबर लागले नाहीत. तिसऱ्याला पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

“मी घड्याळाच्या दुकानातून बोलतोय,” काका म्हणाले. “तुमच्या यजमानांनी आमच्याकडून एक घड्याळ नेलं होतं… हो, तेच. तेवढं एकदा घेऊन याल का? नाही नाही, काही झालेलं नाही. माझं एक काम राहिलंय. उघडून बघायचं राहिलंय.”