शून्य चरबीचा मध

नांदेडला आमच्या शेजारी एक मामा राहतात. खायची कोणतीही वस्तू हातात आली की आधी विचारतात, "ह्याच्यात चरबी किती?" केळीवाल्यालासुद्धा. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, नवा कोट शिवून झाला होता आणि तो पोटावर आवळत होता.

एके सकाळी ते मधाची बाटली घेऊन आले. "ओ सायन्सवाले, ह्याच्यात काय काय हाय?"

आमच्या घराण्यात बीएस्सी झालेला मी पहिलाच. असं कुणी विचारलं की मी सोडत नाही. म्हणालो, "फ्रुक्टोज, ग्लुकोज, पाणी, थोडी आम्लं. चरबी जवळपास शून्य. पण मामा, साखर लई..."

"शून्य! बास झालं," म्हणत ते निघूनही गेले.

मग भाकरीवरचं तूप गेलं आणि मध आला. धपाट्यावर मध, उपम्यावर मध. मी गेटातून ओरडायचो, "मामा, साखरेनंबी वजन वाढतंय!"

"काळजी नका करू. शून्य खाऊन राहिलो."

लग्नात व्याह्यांना मिठी मारताना कोट पाठीवर उभा उसवला. मामांनी मला जवळ बोलावलं. "चरबी न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलं. आता मागं उभं राहा." अक्षता पडून शेवटचा पाहुणा भेटून जाईपर्यंत हा पदवीधर त्यांच्या पाठीला चिकटून उभा होता.

मग घरच्यांच्या शेवटच्या पंगतीत वाढप्यानं जिलेबी पुढं केली. मामांनी ताटावर हात आडवा धरला.

"तुपातली हाय. आपल्याला चालत न्हाई. मध असंल तर आणा."