मामांचा सबवूफर आणि खुडूक कोंबडी

आमच्या मामांइतका आवाजाचा भुकेला माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात नसेल. आवाज कानानं ऐकायचा असतो हे त्यांना मान्यच नाही. तो छातीत वाजला पाहिजे. फणस असो की पाण्याची टाकी, मामा आधी ठोकून बघणार. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, तर यांनी डॉक्टरांचीच ठोकली आणि "जरा पोकळ वाजतं" असं निदान केलं. घरातले दोन स्पीकर त्यांच्या लेखी नुसती माशीची गुणगुण. म्हणून या वयात त्यांनी सबवूफरचा, म्हणजे नुसता खर्ज धडधडवणाऱ्या खोकाभर स्पीकरचा ध्यास घेतला.

अडचण मामींची होती. त्यांची लाडकी कोंबडी खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली होती. मामींनी साफ सांगितलं, "तुमच्या धडधडीनं ती उठली आन् अंडी गार पडली, तं खोका आन् तुम्ही, दोघंबी बाहेर." दुसरा कुणी तीन आठवडे थांबला असता. मामांनी अंड्यांसकट कोंबडी टोपलीत घातली आणि खोडाळ्याहून जीपनं थेट जव्हारच्या दुकानात नेली. मी सोबत होतो, त्यामुळे निम्मी लाज माझ्या वाट्याला आली.

दुकानदारानं बारा इंची लावला. मामांचा चेहरा असा उजळला की पहिला नातू झाला तेव्हाही तसा उजळला नव्हता. पण कोंबडी किंचाळत उडाली ती टीव्हीच्या डोक्यावर. परत टोपलीत बसवल्यावर दहा इंचीला तिनं मान ताणून पिसं फुलवली. आठ इंचीला मात्र डोळे मिटले.

"काका, गाणी तुम्हाला ऐकायचीत की कोंबडीला?" दुकानदारानं विचारलं.

मामा बारा इंचीवरून हात फिरवत म्हणाले, "मला. पण घर तिचंबी हाय ना." आणि आठ इंची घेतला. परतताना ते जीपचा पत्रा बोटानं ठोकत राहिले. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं ऐन थंडीत गेलो, तर सबवूफरचा दिवा लागलेला, पण घरात चिडीचूप. "बिघडला की काय?" मी विचारलं. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. खोक्याच्या कोमट पाठीला टेकून कोंबडी आणि तिची नऊ पिलं झोपली होती.

"बारकी हायेत अजून," मामा कुजबुजले. "ऊब लागावी म्हणून चालू ठेवतो. वाजवत नाय."

मग त्यांनी एक पिलू अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ, कसं धडधडतं."

खरंच धडधडत होतं. मला मामांचा हेवा वाटला.