कोरड्या मिठातला दिवा

दिनानाथमामा चिडले की त्यांचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. मग ते परीक्षानळी अशी घासायचे की बाजूची मुलं आपोआप गप्प व्हायची.

दिनानाथ घरत, पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. तीस वर्षांत सात सर आले नि गेले, पण मामांच्या सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नव्हता. निवृत्तीला तीन महिने उरले होते. पान कोरं घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

आठवे सर म्हणजे सत्यजीत सर. वय एकोणतीस, श्वासागणिक ‘बेसिकली’.

“बेसिकली गाईज, सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. क्लोरीनला एकच कमी. सोडियम जनरस, देऊन टाकतो! हा झाला प्लस, तो झाला मायनस. दोघे आयन. चिकटले एकमेकांना, मीठ रेडी!”

“देऊन टाकतो म्हनं,” मामा बेसिनवर पुटपुटले. “फुकट सुटत नाय तो. ओढून काढावा लागतो.”

ऑगस्टात तपासणी समिती आली. प्रयोग सोपा होता. कोरड्या मिठात दोन कार्बनच्या कांड्या खुपसायच्या, बॅटरी जोडायची, दिवा पेटत नाही. तेच मीठ पाण्यात विरघळवायचं, दिवा पेटतो. पण शुद्ध मिठाची बाटली रिकामी होती, आणि मामांनी तीनदा केलेली मागणी ऑफिसात धूळ खात होती.

“अरे दिनानाथ, घरचं आण ना! मीठ म्हणजे मीठ!” सर म्हणाले.

बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे! मामांनी ते गिळलं आणि घरातलं खडेमीठ आणलं. “सर, हे मिठागरातलं हाय. हवेतला पानी पितो. भाजून घेतो.”

“टाइम नाहीये, ठेव तिथे.”

ठेवलं. तिथंच मामा चुकले. उरणच्या मिठागरात बापासोबत फावडी ओढलेला माणूस, आणि कोवळ्या पोराच्या हुकमावर ओलं मीठ टेबलावर ठेवून मोकळा झाला!

समितीच्या जेरुशा पेणकर मॅडम समोर बसल्या होत्या. सरांनी कांड्या खुपसल्या. “अँड बेसिकली, मीठ कोरडं, म्हणजे दिवा पेटणार नाही…”

दिवा पेटला. मंद, पण पेटला.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचे कान लाल झाले. “दिनानाथ! पाणी सांडलंस यात? मॅडम, याचा निष्काळजीपणा मी लेखी नोंदवतो.” त्यांनी खरोखरच कागद ओढला नि लिहायला लागले. वर ऐकवलं, “इतकी वर्षं कॉलेजचं मीठ खाल्लंस, त्याला तरी जाग!”

मामा टेबलाशी आले. आवाज इतका खाली गेला की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे वाकली.

“तुमचा लिवून झाला का? आता मी बोलतो. या मिठात सोडियम-क्लोरीन एकटेच नाय. मॅग्नेशियमचा कडू क्षार पन हाय. तो हवेतला पानी ओढतो. खडा वरनं वला झाला की त्या पान्यात आयन सुटतात नि करंट चालतो. आतला खडा घट्टच. एकेका सोडियमला सहा क्लोरीन धरून, एकेका क्लोरीनला सहा सोडियम. जागचा कोनाला हलता येत नाय, मग करंट नेनार कोन? तुमचा बाप?”



“दिनानाथभाऊ, बाप नको काढायला,” पेणकर मॅडम शांतपणे म्हणाल्या. “बाकी बरोबर आहे तुमचं. आम्ही ज्यू लोक मांसाला हेच मीठ लावतो, रक्त उतरायला. पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं. पण मला दिवा विझलेला दाखवा.”

मामांनी मीठ चिनीमातीच्या वाटीत घेतलं, बर्नर लावला. खडे तडतडले, एक उडून सरांच्या शर्टावर बसला. मामा ढवळत राहिले, घाई केली नाही. मग वाटी गार केली, कांड्या खुपसल्या. दिवा ढिम्म. बॅटरी काढून पुन्हा जोडली. ढिम्म. मग पाणी ओतलं, आणि दिवा लख्ख पेटला.

“सी गाईज,” सर टाळी वाजवत म्हणाले, “बेसिकली हेच मी सांगत होतो!”

“कागद,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी ‘निष्काळजी’वर रेघ ओढली. मामांनी वाकून पाहिलं.

“खालचा वाचता येतो. फाडा. नवीन पान घ्या.”

“अहो मामा, जेवायची वेळ झालीये…”

“लिवा. ‘भाजायचं परिचरानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ मग सही.”

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम चष्मा पुसत होत्या. सर खाली बसले, लिहू लागले. मामा त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले, ओल्या हातांनी, आणि प्रत्येक अक्षर डोळ्यांत तेल घालून वाचत होते.

“‘नाही’ला दुसरी वेलांटी द्या सर,” ते खालच्या पट्टीत म्हणाले, “तीस वर्सांचा परश्न हाय.”