पंचाक्षरी मिस्त्री आणि बटणाची प्लेट

पंचाक्षरी मिस्त्रीचा राग अर्ध्या लातूरला ठाऊक होता. माणसावर चिडला तरी तो बोलायचा गाडीशी. गिअरबॉक्सखाली आडवा पडून विचारायचा, "काय गं बाई, कुठल्या शहाण्याच्या हाती लागलीस?" आणि तो शहाणा शेजारीच स्टुलावर बसून चहा पीत असायचा. मिस्त्री मूळचा उदगीरकडचा. लातुरात येऊन तीस वर्षं झाली, तरी डोकं तापलं की तोंडातून कन्नड बाहेर पडे. "साकू, साकू!" म्हणजे पुरे आता. गेल्या श्रावणात हा शब्द त्याने जितक्या वेळा वापरला, तितक्या वेळा तो लग्नाच्या पंगतीतही वापरला नसेल.

कारण होते सुदर्शन सर. सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि वर्षातून दोनदा आपली जुनी लाल गाडी घेऊन कोइमतूरकडच्या रेसच्या ट्रॅकवर पळवून यायचे. जायचं त्याच गाडीने, पळवायची तीच आणि यायचंही तिच्यातूनच. इंजिनाची ताकद त्यांनी वाढवून घेतली होती, त्यामुळे जुना क्लच घसरू लागला. इंजिन बोंबलायचं आणि गाडी आपली जागची हलायची नाही. क्लच बदलायला हवा यात वाद नव्हता. कुठला बसवायचा, यात मात्र अकरा दिवस गेले.

सरांना ट्रॅक्टरला असते तसली बटणाची क्लच-प्लेट हवी होती, म्हणजे अख्ख्या अस्तराऐवजी बटणांसारखे सुटे तुकडे बसवलेली, आणि साडेतीन किलोचं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक. ते जड असलं की इंजिन सावकाश वाढतं, पण दमाने चालतं. हलकं केलं की चटकन उसळतं आणि चटकन मरतंही. सरांच्या गाडीचं मूळचं चाक साडेसात किलोचं होतं. मिस्त्रीने ते शेजारच्या भुसार दुकानाच्या काट्यावर मोजून दाखवलं होतं.

"सर, बटणाची प्लेट एकदम धरती. शेतात ठीक हाय. गावात गाडी बकरीवानी उड्या मारती," मिस्त्री म्हणाला.

"पण मामा, ट्रॅकवर घसरणार नाही ना?"

"न्हाई घसरणार. पर तुमी ट्रॅकवर वर्षाचे चार दिवस. बाकीचे दिवस हितंच ना? सपाट अख्खी प्लेट टाका, वरून दाबायला जरा कडक प्रेशर प्लेट आन पाच किलोचं स्टीलचं चाक. दोन्ही कामं व्हतेत."

सरांनी मान हलवली. मिस्त्रीला वाटलं, पटलं. संध्याकाळी फोन आला, की पुण्याचा कुणीतरी म्हणतो बटणंच बरी. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं चार किलो. तिसऱ्या दिवशी सरांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने जडत्वाचं सूत्र लिहून मिस्त्रीला समजावलं. गाडी पोट उघडं टाकून पडलेली, तिच्यामुळे दुसरी गाडी आत येईना, आणि सर भिंतीवर वर्ग घेतायत. अकराव्या दिवशी मिस्त्री हात जोडून म्हणाला, "साकू सर, साकू! तुमची गाडी, तुमचा क्लच. आणा तुमची बटणं."

बसवलं मात्र त्याने मन लावून. चाक आणि प्रेशर प्लेट एकत्र फिरवून त्यांचा तोल साधून घेतला, बेअरिंग नवं टाकलं. कामात खोट काढायला जागा ठेवली नाही. शहाणपणाचं काय करायचं, ते सरांनी ठरवलं होतंच.

गाडी नेल्यावर चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. मिस्त्री टेम्पोखाली होता, हात तेलाने बरबटलेले.

"मामा, गाडी माझ्या बायकोच्या, तनुजाच्या हातून सारखी बंद पडतेय. काही राहिलंय का?"

राहिलेलं काय होतं, ते मिस्त्रीला पुरतं ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा भिंतीवर खडू. अंगावर काटा आला त्याच्या. मग तो ते बोलला, जे प्रत्येक मिस्त्री आयुष्यात शंभरदा बोलतो.

"गाडीत दोष न्हाई सर. चालवणाऱ्याच्या पायात हाय. बाईमाणसाला सवय न्हाई, व्हईल हळूहळू."

फोन ठेवल्यावर त्याला अगदी मोकळं वाटलं.

रविवारी लाल गाडी गॅरेजच्या दारात आली. दारातच एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा हिसका देऊन आत शिरली. आतून एक बाई उतरल्या. हातात वहीसुद्धा नव्हती, पण चालण्यावरूनच मास्तरीण वाटत होत्या.

"मी तनुजा. मुरुडच्या शाळेत शिकवते. ही गाडी रोज मी नेते. सहा वर्षं झाली."

"रोज?" मिस्त्री म्हणाला.

"यांचा क्लास घरापासून दहा मिनिटांवर, हे स्कूटीवर जातात. उद्यापासून मला एसटीनं जायला सांगितलंय. म्हणाले, मिस्त्रींनीच सांगितलं, तुझ्या पायात दोष आहे. सासूबाईंनी तर किल्लीसुद्धा फडताळात ठेवून दिली होती. आज मागून आणली." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यानेच मिस्त्री जास्त वरमला. "एसटी साडेसहाची. मुलीला उठवून, डबा भरून मला ती मिळत नाही. म्हणजे शाळाच सुटेल कधीतरी. म्हणून विचारायला आले, की खरंच दोष आहे का? तुम्ही शेजारी बसून बघा."

मिस्त्री बसला. त्याला अजून वाटत होतं, की दोन गोष्टी शिकवू, सुटेल प्रश्न. गंजगोलाईच्या बाजारचौकापाशी आले तेव्हा पुढे केळ्यांचा गाडा, बाजूला रिक्षा. बाईंनी पाय हळूच सोडला, गाडीने उडी मारली आणि गप्प झाली. मागून भोंग्यांचा कल्ला. एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, मामाला द्या की चालवायला!"

मामाने घेतली. तीस वर्षांचा पाय. अदबीने सोडला, आणि गाडी बंद. परत सुरू केली, जरा रेस दिली, गाडी गाड्यावर जाता जाता वाचली आणि परत बंद. रिक्षावाल्याने ओळखलं. "आरं, पंचाक्षरी मिस्त्री! तुमालाबी येत न्हाई का?"

मिस्त्रीचे कान तापले होते. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुरुडच्या बाजारात हे मी रोज करते मामा. माझ्याच वर्गातल्या पोरांच्या देखत."

गाडी कडेला लावून त्याने विचारलं, "ताई, तुमाला कशी पायजे गाडी?"

"पाय सोडताना तिनं आधी मला कळवावं, मग उचलावं. आता ती एकदम धरते. पण इंजिन हलकं झालंय ना, ते आवडलंय मला. उसाच्या ट्रॉल्या पटकन ओलांडता येतात. ते सगळंच काढू नका."

म्हणजे तीच अख्खी प्लेट आणि तेच पाच किलोचं चाक! अकरा दिवस, पुण्याचे सल्ले, भिंतभर सूत्रं, आणि या बाईने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मिस्त्रीला असा राग आला की कुणावर काढावा कळेना. गाडीवर काढावा तर ती बिचारी गप्प होती.

त्याने तिथूनच सरांना फोन लावला. "सर, गिअरबॉक्स पुन्ना उतरवतो. ताईंच्या पायात काय बी दोष न्हाई. माझ्याबी पायानं दोनदा बंद पडली, गोलाईत, लोकांच्या म्होरं. मी खोटं बोललो व्हतो."

पलीकडून सर म्हणाले, "अहो मामा, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

मिस्त्रीच्या डोक्यात सणक गेली. साकू ओठांवर आलं. त्याने शेजारी बघितलं. तनुजाबाई काचेतून केळेवाल्याकडे बघत होत्या, जणू हे बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, इतक्या सवयीने.

"सांगितलं व्हतं सर, अकरा दिवस सांगितलं," मिस्त्री म्हणाला. "पर ज्या ताईंना इचारायचं व्हतं, त्यांना सोडून आपण सगळ्यांना इचारलं. आता फोन ठेवा. पुढचं मी ताईंशी बोलतो."