एका होडीची दोन खाती

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस आकडेबाई म्हणायचं. अगदी तोंडावर म्हणायचं, आणि बाईही ‘ओ’ द्यायच्या. तरुणपणी त्या दारोदार फिरून माणसं मोजायच्या आणि दारांवर खडूने नंबर घालायच्या. आता अख्ख्या देशाच्या पाहणीचा आराखडा त्यांच्या टेबलावर तयार होत होता. खुर्ची मात्र एका पायाने लंगडी ती लंगडीच. दुरुस्तीला दिली तर परत दिसायची नाही, अशी त्यांची खात्री होती आणि ती चुकीचीही नव्हती.

यंदा घरोघरी जाऊन दोन गोष्टी पाहायच्या होत्या. एचआयव्ही किती पसरलाय आणि मलेरिया किती. सरकारी तिजोरीत यासाठी खडखडाट होता, म्हणून पैसे बाहेरच्या दोन संस्था देणार होत्या. एचआयव्हीवाल्यांचे प्रतिनिधी एक उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. मलेरियावाल्यांच्या प्रतिनिधी एक चटपटीत बाई होत्या, ज्या खुर्चीच्या टोकावरच बसायच्या. दोघंही मनाने चांगली, पण दोघांनाही आपली पाहणी वेगळी हवी होती. टीम वेगळी, गाडी वेगळी, अहवालावर नावही वेगळं. आणि दोघांचेही पैसे नदीच्या अलीकडेच संपत होते. नदीपलीकडे रस्ता नाही, जायचं तर होडीने. त्यामुळे दोन्ही आराखड्यांत शेवटी बारीक अक्षरांत एकच ओळ होती: नदीपलीकडचा भाग वगळून.

त्या वगळलेल्या भागातल्या दवाखान्यात आकडेबाईंची थोरली बहीण नर्स होती.

“मागच्या पाहणीतही आम्ही नव्हतो,” ताई फोनवर म्हणायची. “त्यामुळे मच्छरदाण्या आल्या नाहीत. रक्त तपासायच्या पट्ट्या आठवड्यातच संपतात. तुमच्या हिशेबाने इथे कुणी आजारीच पडत नाही. भाग्यवान आहोत बाई आम्ही!”

“मी प्रयत्न करतेय, ताई.”

“करतेस गं. पण बाकावर बसलेल्या पोरांचा ताप तुझ्या प्रयत्नाने उतरत नाही.”

यावरचा उपाय आकडेबाईंनी केव्हाच मांडला होता. दोन्ही पाहण्या एकत्र करायच्या. एक टीम, एकदाच दार वाजवायचं, एकदाच बोट टोचायचं आणि त्याच रक्तावर दोन्ही तपासण्या. वाचलेल्या पैशांत होड्या सहज बसत होत्या. महिनाअखेरच्या बैठकीत दोन्ही संस्था शेवटचा निर्णय घेणार होत्या. तोवर हे सगळ्यांच्या गळी उतरलं नाही, तर नदीपलीकडची माणसं आणखी कित्येक वर्षं कुणाच्या खिजगणतीत येणार नव्हती.

गाडं अडलं होतं हिशेब विभागात. तिथल्या मुख्य साहेबांना लोक कात्रीसाहेब म्हणत, आणि ते का, हे खर्चाचं बिल लावलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“बाई, दोन संस्थांचे पैसे एका भांड्यात ओतले, तर ऑडिटवाले मला तळून खातील,” साहेब म्हणाले. “होडी कोणाच्या खात्यातून घालायची, सांगा. एचआयव्हीच्या की मलेरियाच्या?”

“दोघांच्या.”

“अर्धी अर्धी होडी मला दाखवता येत नाही.”

बाईंनी वाद घातला नाही. “निदान सराव तरी करू द्या. दोन्ही टीम त्यांच्या त्यांच्या पद्धतीने जातील. कसं होतंय ते सगळेच बघू.”

“करा की. पण प्रवासभत्ता मिळणार नाही. चालत जाता येईल तेवढ्यातच काय ते करा.” साहेबांनी झोकात सही ठोकली.

चालत जाण्यासारखी वस्ती एकच होती, ऑफिसच्या मागची कर्मचाऱ्यांची वसाहत. साहेब स्वतः तिथेच राहत होते. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. सही करताना साहेबांच्याच तेवढं लक्षात आलं नाही. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यात त्यांचंही घर निघालं. बाईंनी यात हातचलाखी केली असं अजूनही काहीजण म्हणतात. पण ज्या बाई चुकीच्या दशांशासाठी रात्रभर तळमळतात, त्या असलं काही करणं शक्यच नाही.

सकाळी मलेरियाची टीम साहेबांच्या दारात उभी राहिली. दार साहेबांच्या आईने उघडलं. काल रात्री घरात कोण कोण झोपलं, पाणी कुठून येतं, छत कशाचं, मच्छरदाणी असेल तर जरा दाखवता का? आजींनी मोठ्या हौसेने सगळं सांगितलं, मच्छरदाणी झटकून दाखवली आणि बोटही पुढे केलं. तासाभराने एचआयव्हीची टीम आली. काल रात्री घरात कोण कोण झोपलं?

“आत्ताच सांगितलं की!” आजी म्हणाल्या. “रात्र तीच, माणसं तीच!”

“ते दुसऱ्या पाहणीसाठी होतं, आजी. पाणी कुठून येतं?”

“तासाभरात नळ बदलतो होय?”

आजींनी दात-ओठ खात सगळी उत्तरं दिली. मग टीममधली मुलगी अदबीने म्हणाली, “आता सूनबाईंशी एकांतात बोलायचंय. त्यांची हरकत नसेल, तर तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? आणि जमलं तर तुमच्या बोटातून आणखी एक थेंब...”

जिन्यात ते उंच गृहस्थ आणि त्या चटपटीत बाई शेजारी शेजारी उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत दार असं आपटलं, की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. गृहस्थ हिरमुसले. मलेरियाच्या बाईंना हसू लपवता येईना. पण पुढच्या घरी एचआयव्हीची टीम आधी गेली होती, आणि तिथे दार लागलं ते मलेरियाच्या टीमच्या तोंडावर. दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीत हाच प्रकार चालू होता. पहिल्यांदा येणाऱ्याला चहा, दुसऱ्यांदा येणाऱ्याला दार. दोन्ही प्रतिनिधींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आकडेबाई हसल्या नाहीत. मनात मात्र त्यांच्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तिकडे कात्रीसाहेबांचा फोन वाजला. “तुझ्या ऑफिसची माणसं मला माझ्याच घरातून बाहेर काढतात!” आजींचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचला. “पुन्हा दोन-दोनदा आली तर तूही घरी येऊ नकोस!”

बैठकीत आकडेबाई उभ्या राहिल्या. “आपण दोनदा दार वाजवलं, तर देश आपल्याला अर्धाच दिसेल,” त्या म्हणाल्या. “आणि नदीपलीकडचा तेवढाही दिसणार नाही. मला तिथली माणसं हवी आहेत. त्यांच्याशिवाय मी या पाहणीवर सही करणार नाही.” बोलताना त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी तो सावरण्याचा प्रयत्नही केला नाही.

दोन्ही प्रतिनिधींनी एकमेकांकडे पाहिलं. “आमची तयारी आहे,” गृहस्थ म्हणाले. “आमचीही,” त्या बाई म्हणाल्या. “पण होडीचं कसं करायचं?”

सगळ्यांच्या माना कात्रीसाहेबांकडे वळल्या. साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. वीस वर्षं इतरांच्या योजना कापण्यात घालवलेली बुद्धी त्यांनी आज प्रथमच एक योजना वाचवायला लावली असावी.

“जाताना होडी एचआयव्हीच्या खात्यातून,” ते म्हणाले. “येताना मलेरियाच्या. दोन फेऱ्या, दोन पावत्या. पैसे कुठेही मिसळत नाहीत. ऑडिटवाल्यांना शोधू दे काय शोधायचंय ते.”

“आणि होडी मधेच उलटली तर?” कोणीतरी विचारलं.

“तर तो खर्च आपल्या विभागाचा नाही.”

सगळं दालन खदखदून हसलं. सह्या झाल्या, हात मिळवले गेले. कात्रीसाहेब तर असे ऐटीत बसले होते, की जणू नदी त्यांनीच आणून सोडली होती. बाईंनी त्यांचे मनापासून आभार मानले. तेवढं देणं त्या लागतच होत्या.

मग जिन्यात येऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे पोरं रडत होती आणि कोणीतरी खोकत होतं.

“लवकर बोल गं, बाक भरलेत,” ताई म्हणाली.

“ताई, होड्या मंजूर झाल्या. तुम्ही पाहणीत आलात.”

फोन बाजूला धरून ताईने दवाखान्यात हाक दिली, “अरे, ऐका रे सगळे! येतायत ते! आपल्याला मोजायला येतायत!” आणि ती फोनवर परत आली तेव्हा रडत होती. “आता नीट मोजा हं. एकही घर सोडू नका.”

पाहणीत सगळी घरं मोजत नाहीत, निवडक घरांवरून सगळ्यांचा अंदाज बांधतात, हे आकडेबाई मंत्र्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना आयुष्यभर समजावत आल्या होत्या. आज त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “नाही सोडणार, ताई.”