परवान्यावरचा पाण्याचा शेरा

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन वर्षांनी मी सैन्यातून निवृत्त झालो. जवळ अवजड वाहनांचा परवाना होता आणि तिथल्या अठरा वर्षांत माझ्या हातून गाडीला एक ओरखडाही पडला नव्हता. सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याचा ट्रक चालवू लागलो. घरी पत्नी, दोन मुली आणि वडील, म्हणजे आबा. आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं होतं. बदल्यात वडूजकडे कोरडवाहू जमीन मिळाली, पण आबांचं तिथं मन लागेना म्हणून त्यांना सांगलीला आणलं. इथंही लागेना. धरणापूर्वी एकतीस वर्षं त्यांनी गावची नाव चालवली होती.

अशात कळलं की जलाशयावर लाँच चालवायला माणूस हवा आहे. अवजड परवाना असलेल्याने लाँचची वेगळी परीक्षा देऊन परवान्यावर तसा शेरा घ्यायचा, ही अट. राहायला काठावर दोन खोल्या. आबांना सांगितलं.

"कंच्या काठाला?"

"आपल्याच."

त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. एरवी एक जेवत.

मी तयारीला लागलो. साताऱ्याहून जुनं पुस्तक मिळवलं. इंजिनाचे भाग, दिव्यांचे रंग, भोंग्याच्या खुणा, माणशी वजन किती धरायचं, सगळं प्रश्नोत्तरं करून वहीत उतरवलं. एकशे बारा प्रश्न झाले. आबा शेजारी बसून बघत.

"लय लिवतोस रं. बुडशील एकांद्या दिशी त्या वहीत."

तोंडी परीक्षेत माझं एकही उत्तर चुकलं नाही. मग चालवून दाखवायचं होतं. सोबत आलेले आबा काठावर झाडाखाली बसले होते. परीक्षकांनी लाँच धक्क्याला लावायला सांगितली. वारा आडवा होता. मी सवयीने लांबूनच वेग कमी केला. रस्त्यावरची अठरा वर्षं याच सवयीने निभावली होती. पण वेग गेला तशी सुकाणूची पकडही गेली. मी चाक फिरवत होतो आणि लाँच खडकाकडे सरकत होती. उजवा पाय ब्रेक शोधत होता. पायाखाली नुसती फळी.

परीक्षकांनी मला बाजूला करून लाँच सावरली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ट्रकवाले इथंच अडकतात. सहा महिन्यांनी या."

परतीच्या गाडीत कऱ्हाड मागं पडलं. मग आबा म्हणाले, "आडव्या वाऱ्यात नाव हळू केली की ती आपली ऱ्हात न्हाई. जोर धरून जायाचं आन् ऐन टायमाला सोडायचा."

"मग हे आधी सांगायचं ना, आबा!"

"तू इच्यारलंस कवा?"

खरं होतं. एकशे बारा प्रश्नांतला एकही मी त्यांना विचारला नव्हता.

पुढचे वीस रविवार ते मला कृष्णेवर घेऊन गेले. ओळखीच्या नावाड्याची नाव मागून घ्यायची, मी वल्हवायचं आणि त्यांनी ओरडायचं. "आरं, म्हस हाय व्हय ती, कासरा वडला की थांबायला?" घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसत. सत्तरी गाठलेला माणूस त्या रविवारांपुरता ताठ बसायचा. मला वाटलं, आता जमलंच.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. वारा त्या दिवशीही होता. लाँच धक्क्याला अशी लागली की उभ्या माणसाचा तोल गेला नाही. परवान्यावर शेरा उमटला, खाली सही-शिक्का. मी खोल्यांचं विचारलं, तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने चष्मा काढला. जागा दोन महिन्यांपूर्वीच भरली होती. पहिल्याच परीक्षेत पास झालेला काठावरचाच एक माणूस घेतला होता. "तुम्हाला कुणी कळवलं नाही?" कारकुनाने विचारलं. चूक माझीच. जागा तोवर रिकामी राहील, असं मी धरून चाललो होतो.

घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर होते. शेजारी एक गाठोडं. ते त्यांनी कधी बांधलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पास न्हाई झालास?"

"झालो. जागा गेली."

ते गाठोडं उचलून आत गेले आणि गाठ सोडून एकेक वस्तू जागेवर ठेवू लागले. दोन धोतरं, घोंगडं, तांब्या, पानाची चंची. पाचच वस्तू होत्या. त्यांना बराच वेळ लागला.