मामाच्या गळ्यातला कॅमेरा

आमच्याकडे लग्नाचा फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या आकारावरून जोखतात. फोटो कसे आले ते कळायला अल्बम यावा लागतो आणि तोवर कोणाला धीर नसतो. मुलगा बघायला गेलेले लोक आधी अंगणातली गाडी बघतात, त्यातलाच प्रकार.

बारा-तेरा वर्षं मी एकच डीएसएलआर वापरला. पुढे लांब लेन्स, वर फ्लॅश, खाली जादा बॅटरीचा ठोकळा. गळ्यात दोन असोले, सालासकटचे नारळ बांधून पायऱ्यांची पाखाडी उतरल्यासारखं वाटायचं. शेवटी उजवा खांदा जखडला. शर्टाची बाही चढवायला बायको लागायची. डॉक्टर म्हणाले, "हे ओझं बंद करा, नाहीतर हात इथपर्यंतच येईल," आणि त्यांनी स्वतःचा हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. छातीपर्यंतच्या हाताने लग्नाचे फोटो निघत नाहीत आणि मला दुसरं काही येत नाही. नववीत शाळा सुटली, एका स्टुडिओत मागचे पडदे बदलत आणि मालकाच्या शिव्या खात मी हे काम शिकलो.

म्हणून छोटा कॅमेरा बघायला लागलो. नवा घेणं मूर्खपणा. रत्नागिरी शहरातच एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे एक होता. त्याने त्यावर वेळणेश्वरचा सूर्यास्त आणि स्वतःची नात एवढंच काढलेलं होतं. असल्या लोकांचा मला राग येतो. हौस भागली की कॅमेरा कपाटात, आणि विकायला काढला की जणू घरातली मुलगी द्यायची आहे.

"हा मी केवढ्याला घेतला, ठाऊक आहे का तुम्हाला?" तो म्हणाला.

"ते काकूंना सांगा. मी केवढ्याला नेणार ते बोलू."

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. तिथेच सौदा माझ्या बाजूला झुकला.

"ठेवत कुठे होतात?"

"तांदळाच्या डब्यात. पावसाळ्यात ओल धरत नाही."

मी लेन्सची कडी फिरवली. करकर वाजली. "काका, हा कॅमेरा आहे की भाताची गिरण?"

मग खिशातली टॉर्च लावून लेन्समधून बघितलं. आमच्या हवेत लेन्सच्या काचेला बुरशी धरते, जुनं घेताना आधी तेच बघायचं. काच लख्ख होती. हे मी त्याला सांगितलं नाही, नुसती मान हलवून सुस्कारा सोडला. अर्ध्या तासात कॅमेरा माझ्या खिशात होता. खरोखरच खिशात मावत होता.

पहिलं लग्न आतल्या एका गावातलं. मुलीचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. घर रस्त्यापासून खाली, पन्नासेक पायऱ्यांची पाखाडी उतरून. मी घरापुढच्या खळ्यात पोचलो तेव्हा मुलीचा मामा आदल्या रात्रीच मुंबईहून उतरून सगळ्यांना हुकूम सोडत होता.

"फोटोग्राफर कुठाय?"

"मीच."

"आणि कॅमेरा?"

मी हातातला दाखवला.

"हा? भाऊ, याच्यापेक्षा माझा मोबाइल मोठा आहे. भावोजी, यांना तुम्ही लग्नाचं सांगितलंत की बारशाचं?"

गुरुजी माझ्या कानाशी आले. "मोठा आणला नाय का वो? वराकडची माणसं काय म्हणतील?"

"अर्ध्या तासात दुसरा मागवतो," मामाने मोबाइल काढला.

माझं डोकं तडकलं. या माणसाने आयुष्यात स्वतःच्या बोटाआड न लपलेला एक फोटो काढला असेल तर शपथ. पण खरं सांगायचं तर लोकांना ही खोड मीच लावली होती. बाजारपेठेत माझ्यासमोर एकजण छोट्या कॅमेऱ्यावर कामं घ्यायचा. मी गिऱ्हाइकांच्या हातात माझं धूड द्यायचो आणि म्हणायचो, "वजन बघा. खेळण्याने लग्न करता काय?" दोन वर्षांत त्याने दुकान आवरलं. त्याचे फोटो माझ्यापेक्षा वाईट नव्हते.

जुना कॅमेरा पिशवीत होता. एक बिघडला तर दुसरा हवा म्हणून आणलेला, त्यातलं कार्ड नव्यात घातलेलं. मी तो बाहेर काढला आणि मामाच्या गळ्यात अडकवला.

"हा घ्या मोठा. माझा खांदा गेलाय. आज हा तुम्ही वागवा. महागाचा आहे, खाली कुठे ठेवू नका."

मामाचा चेहरा एकदम पालटला. त्याने बटण दाबलं. खट्ट वाजलं. कार्ड नाही हे मी सांगितलं नाही.

मग दिवसभर काय तमाशा! मामा पुढे झाला की बायका पदर सारखे करायच्या, वराकडचे म्हातारे छाती काढायचे. "ओ फोटोवाले, आमचा पण एक!" मामा गुडघ्यावर बसून खट्ट खट्ट करत होता. माझ्याकडे ढुंकून कोणी बघत नव्हतं. मी आरामात फिरलो. मुलीच्या आईने पडद्याआड डोळे पुसले ते मिळालं, गुरुजी स्वतःच वाढपी होऊन घामाघूम झाले ते मिळालं. तेरा वर्षांत असे फोटो मला मिळाले नव्हते, कारण ते धूड बघून माणसं आधीच लाकडं व्हायची.

मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा भाचीचा हात धरून आला, डोक्याला फेटा, गळ्यात कॅमेरा.

"अहो, ते यंत्र काढा आधी," भटजी म्हणाले.

"कुठे ठेवू? दुसऱ्याची वस्तू आहे. जोखीम आहे."

तसाच उभा राहिला. फोटोत तसाच आहे.

अल्बम गेला आणि वाडीभर फिरला. सगळ्यांनी वाखाणला. महिन्याने बाजूच्या वाडीतला एक बाप आपल्या मुलाच्या लग्नाचं बोलायला दुकानात आला.

"तुमच्याबरोबरचे ते मोठे कॅमेरेवाले, गुरुजींचे मेव्हणे, ते येणार ना? चांगले फोटो त्यांनीच काढले म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणाले. मुंबईला सगळ्यांना दाखवतात."

मी अल्बमची प्रत काढून मामाचा फेट्यातला फोटो पुढे ठेवला. "हा त्यांनीच काढला काय? स्वतःचा?"

"हा तुमचा असेल. बाकीचे?"

"त्यांच्या कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. एक फोटो निघाला नाही त्यातून."

तो माझ्याकडे बघत राहिला. लबाड माणूस रंगेहात सापडल्यावर लोक बघतात तसा. मग म्हणाला, "असू दे, असू दे. पण तुमी एकटेच येणार, तर थोडं कमी करा."

ज्याने शून्य फोटो काढले तो येणार नाही म्हणून मी कमी करायचं! भाव करण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही, पण असा हिशेब पहिल्यांदाच ऐकला. पिशवीतून धूड काढून गळ्यात घातलं असतं तर तो तिथेच पूर्ण भावाला हो म्हणाला असता. त्याची नजर दुकानभर तेच शोधत होती. हात पिशवीपर्यंत गेलासुद्धा.

"एक रुपया कमी होणार नाही," मी म्हणालो, "आणि मोठा कॅमेरा मी पुन्हा उचलणार नाही. चालत असेल तर बसा."

तो उठला. जाताना पायरीवरून म्हणाला, "राग नका मानू, लग्न एकदाच होतं."

त्याच्या मुलाच्या लग्नाचं काम दुसऱ्या फोटोग्राफरने केलं. त्या फोटोंत सगळे हात बांधून, डोळे फाडून उभे आहेत. मी मुद्दाम अल्बम मागून घेऊन बघितला. मामा अजूनही मुंबईत माझे फोटो आपले म्हणून मिरवतो, आणि गुरुजी भेटले की विषय बदलतात. सीझनला माझी चार-पाच कामं कमीच झाली. ज्या दिवशी ते लग्न होतं, त्या दिवशी मी घरी होतो. बायको वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायला स्टूल शोधत होती. मी उभ्याउभ्या उजवा हात वर घातला आणि बरणी खाली घेतली.